कोरड्या सावलीतील भू-आच्छादक वनस्पती

कोरड्या सावलीतील भू-आच्छादक वनस्पती म्हणजे मोठ्या वृक्षांखाली, इमारतींच्या भिंतींलगत किंवा छज्जाखाली, जेथे सूर्यप्रकाश आणि ओलावा या दोहोंची वाण असते अशा जागी जमीन झाकण्यासाठी लावल्या जाणाऱ्या ठेंगण्या, पसरणाऱ्या व बहुधा बहुवर्षायू वनस्पती होत. घराभोवतालच्या बागा, शाळांची आवारे, सार्वजनिक उद्याने आणि रस्त्याकडेचे वृक्ष यांच्याखाली अशा जागा सर्वत्र आढळतात.

हिरवळीसाठी लावली जाणारी हरळी ही भरपूर उन्हाची वनस्पती असल्याने दाट सावलीत ती विरळ होत जाते व अखेर मरते. त्यानंतर माती उघडी पडते, उन्हाळ्यात तिची धूळ होते, पावसाळ्यात ती वाहून जाते आणि वृक्षाची मुळे उघडी पडू लागतात. पुष्कळदा यावर उपाय म्हणून थेट बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक घातले जातात. त्यामुळे मुळांना हवा व पाणी मिळेनासे होऊन वृक्षच दुबळा होतो. भू-आच्छादक वनस्पती हा या दोन्ही टोकांमधील मार्ग आहे. मात्र त्यांची निवड जागेच्या वर्षभरातील प्रकाश व ओलाव्याच्या चक्राकडे पाहून करावी लागते. केवळ 'सावलीत वाढणारी' किंवा 'चिवट' एवढ्या वर्णनावर निवडलेली वनस्पती एक तर उन्हाळ्यात मरते किंवा पुढे आवराबाहेर पसरून उपद्रवी ठरते.

## संज्ञा

जमिनीलगत वाढून माती पूर्णपणे झाकणाऱ्या कोणत्याही वनस्पतीस उद्यानविद्येत भू-आच्छादक असे म्हणतात. ही संज्ञा वनस्पतीच्या कुळावर नव्हे, तर तिच्याकडून घेतल्या जाणाऱ्या कामावर आधारलेली आहे. त्यामुळे गवतासारख्या पानांच्या वनस्पती, वेली, नेचे, कंदवर्गीय वनस्पती आणि मांसल पानांच्या वनस्पती अशा परस्परांशी नाते नसलेल्या अनेक गटांचा तीत समावेश होतो. उंची सामान्यतः ५ ते ५० सेंटिमीटर असते.

बागकामात सावलीचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. दिवसातून तीन-चार तास ऊन मिळणारी जागा ही अर्धसावली होय. पानांच्या फटींतून कवडसे पडत असतील तर ती विरळ सावली आणि थेट ऊन जवळजवळ कधीच पोहोचत नसेल तर ती दाट सावली होय. यांपैकी कोणतीही सावली ओली किंवा कोरडी असू शकते. ओढ्याकाठची सावली ओली असते, तर जुन्या आंब्याखालची बहुधा कोरडी असते.

## कोरडी सावली कशी निर्माण होते

### वृक्षाखाली

वृक्षाचा पर्णसंभार ऊन अडवतो, तसाच तो पाऊसही अडवतो. हलकी सर आली तर तिचे बरेचसे पाणी पानांवरच थबकते आणि तेथूनच वाफ होऊन निघून जाते. जोराच्या पावसाचे पाणी जमिनीपर्यंत पोहोचते खरे, पण ते मुरताच वृक्षाची मुळे ते शोषून घेतात. वृक्षाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, हा समज सर्वसाधारणपणे खरा नाही. अन्न व पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरच्या थरात असतात आणि पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात. भू-आच्छादक वनस्पतीला याच थरात वृक्षाशी पाण्यासाठी स्पर्धा करावी लागते.

काही वृक्षांखाली आणखी एक अडचण असते. निलगिरीच्या पालापाचोळ्यातील द्रव्ये इतर वनस्पतींच्या उगवणीस व वाढीस बाधक ठरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. अशा वृक्षांखाली लागवडीचे यश मर्यादित असते.

### भिंतीलगत

महाराष्ट्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशेकडून येतो. त्यामुळे इमारतीच्या पूर्व व ईशान्य अंगाला भिंतीजवळची पट्टी भर पावसाळ्यातही तुलनेने कोरडी राहू शकते. छपरावरून पागोळ्या जेथे पडतात तेथे माती खणली जाते, तर त्या रेषेच्या आत, भिंतीच्या बाजूला, ती कोरडी असते. एकाच हातभर रुंदीच्या पट्टीत अशा दोन भिन्न परिस्थिती असू शकतात. याशिवाय बांधकामाच्या वेळी टाकलेला राडारोडा, चुना व सिमेंट यांमुळे भिंतीजवळची माती निकस झालेली असते व तिच्यात पाणी टिकत नाही.

## सावलीचे वार्षिक चक्र

कोरड्या सावलीविषयीचे बागकामावरील पुष्कळसे लेखन युरोप व उत्तर अमेरिकेतील अनुभवावर आधारलेले आहे. तेथील पानझडी वृक्ष हिवाळ्यात निष्पर्ण असतात. वसंताच्या आरंभी, वृक्षांना पाने फुटण्यापूर्वी, जमिनीवर ऊन आणि ओलावा दोन्ही असतात. त्या थोड्या आठवड्यांत तेथील वनस्पती आपली बरीचशी वाढ उरकतात. उन्हाळ्यात सावली दाट होते व माती कोरडी पडते.

महाराष्ट्रातील चक्र याहून वेगळे आहे. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन क्रमाने कोरडी होत जाते. पानझडी वृक्षांची पाने याच कोरड्या काळात गळतात. गुलमोहर, पांगारा, सावर, साग असे वृक्ष हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत कमी-अधिक काळ निष्पर्ण असतात. म्हणजे जमिनीत पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच नेमकी सावलीही नाहीशी होते. अशा वृक्षाखाली लावलेल्या वनस्पतीला पावसाळ्यात दाट सावली व ओल, आणि उन्हाळ्यात कडक ऊन व कोरड, असे दोन्ही सोसावे लागते. याउलट आंबा, फणस, बकुळ या सदाहरित वृक्षांखाली सावली बारमाही असते. तेथे उन्हाचा चटका बसत नाही, पण प्रकाशाची उणीव कायम राहते.

भिंतींच्या बाबतीतही असाच फरक आहे. उत्तर अक्षांशांवरील थंड देशांत इमारतीची उत्तर बाजू दुपारी सदैव सावलीत असते. पुण्यात मात्र मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. शून्य सावली दिवस वर्षातून दोनदा येतो तो याच कारणाने. जूनमध्ये ढग आल्यावर या उन्हाचा जाच राहत नाही. परंतु मेच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दोन-तीन आठवडे उत्तरेकडील भिंतीलगतच्या, एरवी वर्षभर सावलीत राहणाऱ्या वनस्पतींना फार कठीण जातात. पाने करपण्याचे प्रकार बहुधा याच दिवसांत घडतात.

## वनस्पतींचे अनुकूलन

सावली आणि कोरड यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. कमी प्रकाशात वाढणाऱ्या वनस्पतीला मोठी, पातळ पाने सोयीची असतात, कारण त्यांतून जास्तीत जास्त प्रकाश घेता येतो. कमी पाण्यात जगणाऱ्या वनस्पतीला मात्र लहान, जाड किंवा मेणचट पाने हवी असतात, कारण त्यांतून बाष्पोच्छ्वास कमी होतो. दोन्ही संकटे एकाच वेळी पेलणाऱ्या वनस्पती म्हणूनच थोड्या आहेत. त्या प्रामुख्याने पुढील तीन मार्गांनी तग धरतात.

* पाण्याचा साठा: पाने, मुळे किंवा मूलक्षोड यांत पाणी साठवले जाते. स्पायडर प्लांटची पांढरी मांसल मुळे व पानफुटीची जाड पाने ही याची उदाहरणे होत. पानफुटी, सॅन्सेव्हिएरिया यांसारख्या वनस्पतींची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसा पाणी वाया जात नाही.
* संथ वाढ: पाने चिवट व दीर्घायुषी असतात, नवी पाने थोडी येतात आणि एकूण गरजच कमी असते. मोंडो गवत या प्रकारात मोडते. अशा वनस्पती जमीन झाकण्यास वेळ घेतात.
* सुप्तावस्था: पावसाळ्यात पाने फुटतात, कंदात अन्न साठते आणि कोरडा काळ सुरू होताच जमिनीवरचा भाग वाळून जातो. सह्याद्रीतील जंगलांच्या तळाशी वाढणाऱ्या अनेक कंदवर्गीय वनस्पतींचा हाच क्रम असतो.

## जागेची पारख

वनस्पती निवडण्यापूर्वी जागेविषयी चार गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते.

१. प्रकाश: सकाळी, दुपारी व सायंकाळी ऊन कोठे पडते हे निदान पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तीन ऋतूंत एकेकदा नोंदवावे. वर सांगितल्याप्रमाणे एका ऋतूतील पाहणी फसवी असते.

२. ओलावा: खुरप्याने १५ सेंटिमीटर खोल माती उकरून मुठीत दाबावी. गोळा होऊन टिकला तर ओल आहे. माती लगेच भुसभुशीत सुटली तर जागा कोरडी आहे.

३. निचरा: हातभर खोल खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात जिरते हे पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उरले तर पावसाळ्यात तेथे मुळे कुजण्याचा धोका आहे. मांसल मुळांच्या वनस्पती कोरड सहन करतात, पण साचलेले पाणी सहन करत नाहीत.

४. मुळांची दाटी: खुरपे चालेनासे होईल इतकी मुळे असतील तर तेथे खणू नये. अशा ठिकाणी पालापाचोळ्याचे आच्छादन हाच योग्य उपाय असतो.

मातीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, परंतु उन्हाळ्यात तिला भेगा पडून बारीक मुळे तुटतात. मुरमाड जमिनीत व कोकणातील जांभ्याच्या जमिनीत पाणी झपाट्याने निघून जाते, त्यामुळे भरपूर पावसाच्या प्रदेशातही मार्च-एप्रिलमध्ये कोरड जाणवते.

## उपयुक्त वनस्पती

### बारमाही हिरव्या

* मोंडो गवत (ऑफिओपोगॉन जॅपोनिकस): चीन, जपान व कोरिया येथील वनस्पती. नावात गवत असले तरी हे गवत नव्हे, ते शतावरीच्या कुळातील आहे. पाने अरुंद व गडद हिरवी, उंची साधारण १५ ते २५ सेंटिमीटर असते. याचा एक बुटका प्रकारही मिळतो. मुळांवर लहान गाठी असतात व त्यांत पाणी साठते. दाट सावलीतही टिकते आणि कापावे लागत नाही. वाढ मात्र फार संथ असते.
* लिरिओपी (लिरिओपी मस्कारी): मोंडो गवताचे पूर्व आशियाई नातलग. पाने अधिक रुंद असून जांभळ्या फुलांचे तुरे येतात. विरळ सावली याला अधिक मानवते.
* स्पायडर प्लांट (क्लोरोफायटम कोमोसम): मूळ आफ्रिकेतील. लांब दांड्यांच्या टोकांशी नवी रोपे येतात व ती जमिनीला टेकताच रुजतात. विषारी नसल्यामुळे लहान मुले व पाळीव प्राणी वावरतात तेथे लावता येते. पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रकारांत हरितद्रव्य कमी असते, म्हणून दाट सावलीसाठी पूर्ण हिरवा प्रकार बरा. थेट उन्हात पानांची टोके करपतात.
* सॅन्सेव्हिएरिया: आता या वनस्पतींचा समावेश ड्रेसीना या प्रजातीत करतात. बागांमध्ये सर्वत्र दिसणारी जात पश्चिम आफ्रिकेतील आहे. तिचे बुटके, पसरट प्रकार जमीन झाकण्यास चांगले. भारतीय उपखंडातील ड्रेसीना रॉक्सबर्घियाना ही जात मूर्वा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी एक आहे. मूर्वेच्या तंतूंपासून धनुष्याची दोरी करीत, म्हणून संस्कृतात त्या दोरीला मौर्वी असे नाव आहे. या जाती ऊन, सावली व कोरड तिन्ही सोसतात. त्यामुळे उन्हाळ्यात निष्पर्ण होणाऱ्या वृक्षांखाली त्या विशेष उपयोगी पडतात.
* ऱ्हिओ (ट्रॅडेस्कॅन्शिया स्पॅथेसिया): मेक्सिको, बेलीझ व ग्वाटेमाला येथील. पाने वरून हिरवी, खालून जांभळी असतात. नावेसारख्या सहपत्रांत लहान पांढरी फुले येतात. उंची साधारण ३० सेंटिमीटर. अर्धसावलीत रंग खुलतो, दाट सावलीत झाड उंच व विरळ होते. रसामुळे त्वचेला खाज येऊ शकते.
* पानओवा (कोलिअस अँबॉइनिकस): ओव्यासारख्या वासाच्या मऊ, मांसल पानांची ही वनस्पती अनेक घरांच्या परसात असते. अर्धसावलीत दाट पसरते. साचलेल्या पाण्यात लवकर कुजते, म्हणून उताराच्या किंवा उंचवट्याच्या जागी लावतात.
* नेफ्रोलेपिस नेचे: बहुतेक नेच्यांना ओलावा लागतो. परंतु नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया या जातीच्या धावत्या खोडांवर पाणी साठवणारे गोल कंद असतात, त्यामुळे ती काही काळ कोरड सहन करते. पालापाचोळ्याने समृद्ध झालेली माती तिला हवी असते.

### पावसाळी

ज्या जागी उन्हाळ्यात पाणी घालणे शक्य नसते तेथे सुप्तावस्थेत जाणाऱ्या वनस्पती अधिक शहाणपणाच्या ठरतात. त्या सिंचनाची मागणी करीत नाहीत. पावसात माती वाहून जाण्याचा धोका असतो त्याच काळात त्यांची पाने जमीन झाकून असतात.

* भुईचाफा (केम्फेरिया रोटुंडा): उन्हाळ्यात, पाने येण्यापूर्वी, जमिनीतून थेट सुगंधी फुले येतात. पावसाळ्यात रुंद, नक्षीदार पाने फुटतात.
* रानहळद (कुर्कुमा स्यूडोमोंटाना): सह्याद्रीत वृक्षांच्या सावलीत वाढणारी हळदीची रानटी नातलग. हळद व आंबेहळद याही विरळ सावलीत वाढतात आणि परसबागेत भू-आच्छादन व पीक असा दुहेरी उपयोग होतो.
* काळी मुसळी (कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस): गवतासारखी पाने व जमिनीलगत पिवळी, चांदणीसारखी फुले असलेली लहान वनस्पती.
* सफेद मुसळी (क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम): स्पायडर प्लांटच्या प्रजातीतील ही भारतीय जात. तिच्या शास्त्रीय नावात मुंबईजवळच्या बोरिवलीचे नाव आहे.

दोन्ही मुसळींच्या मुळांना औषधी म्हणून मागणी असल्याने जंगलांतून त्यांची बेसुमार खणणी झाली आहे. बागेसाठी त्यांची रोपे किंवा कंद रोपवाटिकेतूनच घ्यावेत, जंगलातून उपटून आणू नयेत.

पावसाळी व बारमाही वनस्पती मिसळून लावण्याची पद्धत चांगली समजली जाते. मोंडो गवतात मधूनमधून भुईचाफा लावल्यास पावसाळ्यात पाने दाट दिसतात आणि उन्हाळ्यातही जमीन पूर्ण उघडी पडत नाही.

## चिवटपणा आणि आक्रमकता

कोरड्या सावलीसाठी हवे असणारे गुण म्हणजे कमी पाण्यात जगणे, पेऱ्या-पेऱ्यांवर मुळे फुटणे, तुकड्यापासून नवे रोप होणे आणि इतर वनस्पतींना वर येऊ न देणे. हेच गुण एखाद्या परदेशी वनस्पतीला आक्रमक बनवतात. त्यामुळे 'कोठेही लावा, मरत नाही' ही शिफारस धोक्याची सूचना म्हणूनही वाचली पाहिजे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे वेडेलिया (स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा). उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही पिवळ्या फुलांची, धावत्या खोडांची वनस्पती भारतातील उद्यानांत व दुभाजकांवर मोठ्या प्रमाणात लावली जाते. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा १०० आक्रमक परकीय जातींच्या प्रसिद्ध यादीत तिचा समावेश आहे. खोडाच्या लहान तुकड्यापासूनही ती रुजते. त्यामुळे बागेतील छाटणीचा कचरा ओढ्यात किंवा माळावर टाकला की ती तेथे पसरते. भारतीय पिवळा माका (स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेशिया) दिसायला तिच्यासारखाच असल्याने दोहोंत गल्लत होते. पिवळा माका तुलनेने ओलसर जागेत वाढतो.

त्याच यादीतील घाणेरीचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेली ही वनस्पती आज देशभरातील जंगलांत पसरली असून, तिने मूळच्या वनस्पतींची व चराईच्या गवताची जागा घेतली आहे.

सिंगोनियम, मनी प्लांट व पानफुटी यांचाही कोरड्या सावलीत सर्रास वापर होतो. बंदिस्त वाफ्यात किंवा चहूबाजूंनी फरसबंदी असलेल्या जागेत त्या आटोक्यात राहतात. जंगल, देवराई, ओढा किंवा डोंगरउतार यांना लागून असलेल्या आवारात मात्र त्या टाळणे इष्ट होय. मनी प्लांट वृक्षावर चढू लागला की त्याची पाने अनेक पटींनी मोठी होतात व तो खोड झाकून टाकतो. म्हणून बुंध्याकडे येणारे वेल वेळीच छाटावे लागतात.

## विषारीपणा व सुरक्षितता

सिंगोनियम व मनी प्लांट या अळूच्या कुळातील वनस्पती आहेत. अळू व सुरण यांनी घशाला खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हेच स्फटिक या वनस्पतींतही असतात. पाने चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असून ती खाल्ल्याने गुरांना विषबाधा होते. बालवाड्या, खेळाची मैदाने व गोठ्यांजवळ या वनस्पती लावू नयेत.

दाट आच्छादनात साप लपण्याची भीती अनाठायी नाही. घोणस तर वाळक्या पानांत सहज दिसून येत नाही. यासाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना व घराच्या भिंतीलगत मोकळी पट्टी ठेवतात, ये-जा असते तेथे १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा उंच वाढणाऱ्या वनस्पती टाळतात आणि आच्छादनात उघड्या हाताने काम करीत नाहीत.

## लागवड

महाराष्ट्रात लागवडीस सर्वांत योग्य काळ म्हणजे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतरचा, जूनअखेर ते जुलै हा होय. त्या वेळी लावलेल्या रोपांना मुळे धरण्यासाठी तीन महिने मिळतात.

वृक्षाखाली लागवड करताना वृक्षाचे हित आधी पाहावे लागते. सगळी जागा खणून काढल्यास त्याची शोषक मुळे तुटतात. त्याऐवजी मुळांमधील मोकळ्या जागा हेरून खुरप्याने लहान खळगे करतात व त्यांत छोट्या पिशवीतील रोपे लावतात. अंगठ्याहून जाड मूळ तोडू नये. मुळे झाकण्यासाठी मातीचा जाड थर टाकणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्यामुळे मुळांना हवा कमी पडते व बुंध्याची साल कुजते. दोन ते तीन सेंटिमीटर कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत पुरेसे असते. बुंध्याभोवतीची किमान ३० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी.

बुंधा मोकळा ठेवण्याच्या प्रश्नाची दखल न्यायालयीन पातळीवरही घेतली गेली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांच्या बुंध्याभोवती एक मीटर क्षेत्रातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता.

रोपांतील अंतरावर त्यांची संख्या ठरते. १५ सेंटिमीटर अंतराने एका चौरस मीटरला सुमारे ४४ रोपे लागतात, २० सेंटिमीटर अंतराने २५ आणि ३० सेंटिमीटर अंतराने सुमारे ११. मोंडो गवतासारख्या संथ वनस्पती जवळ, तर स्पायडर प्लांट, ऱ्हिओ यांसारख्या पसरणाऱ्या वनस्पती दूर लावतात. खर्च आवरायचा असल्यास थोडी रोपे आणून पुढील पावसाळ्यात त्यांचीच फोड करून उरलेली जागा भरता येते.

## निगा

कोरडी सावली सहन करणारी वनस्पती पहिल्या दिवसापासून बिनपाण्याची जगत नाही. लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, आणि शक्य तर दुसऱ्याही, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे लागते. रोजचा शिडकावा निरुपयोगी असतो, कारण ते पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकते. शिवाय पालापाचोळ्याने समृद्ध माती पूर्ण वाळली की प्रथम पाणी झिडकारते. अशा वेळी थांबून थांबून दोन-तीनदा पाणी दिल्यास ते मुरते.

पहिल्या दोन पावसाळ्यांत तण हाताने काढावे लागते. पुढे आच्छादन दाट झाल्यावर हे काम कमी होते. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकी गोगलगाईंचा उपद्रव होतो. त्या रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात तेव्हा हातमोजे घालून वेचणे हा साधा उपाय आहे. फांद्यांची अतिरेकी छाटणी करून सावली कमी करण्याचा मोह टाळावा. वृक्षाच्या आरोग्यासाठी आवश्यक तेवढीच छाटणी करावी.

## पालापाचोळ्याचे आच्छादन

मुळांची फार दाटी असेल, पाण्याची सोय नसेल किंवा सावली अत्यंत गडद असेल, तर काहीही न लावता गळलेली पाने तेथेच राहू देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. जंगलाच्या तळाशी हेच नैसर्गिक आच्छादन असते. त्याने ओलावा टिकतो, पावसाच्या थेंबांचा मारा मातीवर बसत नाही आणि पाने कुजल्यावर त्यांतील अन्नद्रव्ये वृक्षाला परत मिळतात. आवार झाडून पाने जाळल्यास धूर होतो आणि मातीचे सत्त्वही जाते. साधारण पाच ते आठ सेंटिमीटरचा थर पुरतो. तो बुंध्याला टेकू देऊ नये. काही वर्षे असे आच्छादन राहिल्यावर सुधारलेल्या मातीत लागवड अधिक यशस्वी होते.

## समशीतोष्ण प्रदेशांतील वनस्पती

युरोप व उत्तर अमेरिकेत कोरड्या सावलीसाठी एपिमेडियम, जिरेनियम मॅक्रोऱ्हायझम, व्हिंका मायनर, पॅकिसँड्रा आणि आयव्ही (हेडेरा हेलिक्स) या वनस्पती प्रसिद्ध आहेत. त्या थंडीच्या ऋतूशी जुळलेल्या असल्याने महाराष्ट्राच्या मैदानी भागात सहसा टिकत नाहीत. उलट, वर वर्णन केलेल्या बहुतेक उष्णकटिबंधीय वनस्पती हिमतुषाराने मरतात, त्यामुळे थंड देशांत त्या कुंडीतच वाढवतात. आक्रमकतेचा प्रश्न तेथेही आहे. युरोपातून उत्तर अमेरिकेत नेलेली आयव्ही तेथील जंगलांत पसरल्याने अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात तिच्या विक्रीवर बंदी आहे.

## हेही पाहा

* परसबाग
* देवराई
* आक्रमक जाती
* मृदासंधारण
* शून्य सावली दिवस